निम्मा संघ घरी बसलेला असताना बाउल गेमवर पैज कशी लावायची

बाउल म्हणजे अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये हंगाम संपल्यावर निमंत्रणानं होणारे खास सामने. ३० डिसेंबर २०२३, मायामीजवळच्या स्टेडियममध्ये ऑरेंज बाउल. एका बाजूला जॉर्जिया, दुसऱ्या बाजूला हंगामात एकही सामना न हरलेलं, १३-० असं फ्लोरिडा स्टेट. निकाल लागला ६३-३. बाउलच्या इतिहासात एवढ्या फरकानं तोवर कुणी हरलं नव्हतं. जर्सी फ्लोरिडा स्टेटची होती, पण तो १३-० वाला संघ मैदानात नव्हताच. पहिला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरमध्येच पायाच्या दुखापतीनं बाहेर गेला होता. दुसरा, टेट रोडमेकर, दुसऱ्या कॉलेजच्या शोधात निघाला होता. किऑन कोलमन, ट्रे बेन्सन, जॅरेड व्हर्स हे एनएफएलकडे, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगकडे, डोळे लावलेले खेळाडू उतरलेच नाहीत. न खेळणाऱ्यांचा आकडा विसाच्या वर गेला आणि सूत्रं पहिल्या वर्षाच्या ब्रॉक ग्लेनकडे आली.

तीनच दिवस आधी सॅन दिएगोत हॉलिडे बाउल झाला होता. सदर्न कॅलिफोर्नियाचा म्हणजे यूएससीचा पहिला क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स खेळणार नव्हता. लुइव्हिल फेव्हरिट होतं. राखीव क्वार्टरबॅक मिलर मॉसनं सहा टचडाउन पास फेकले आणि यूएससीनं ४२-२८ असा सामना मारला.

दोन्हीकडची बातमी सारखीच होती: मोठी नावं गैरहजर. ती बातमी वाचून डोळे झाकून विरुद्ध बाजूला पैसे लावणारा एकदा बरोबर ठरला आणि एकदा बुडाला. गैरहजरांच्या जागी कोण उभं राहतंय आणि भावात ते किती आधीच धरलंय, हे दोन प्रश्न घेऊन पुढच्या पायऱ्या चढायच्या आहेत.

आधी परवानगीचं बघा

भारतात बसून वाचत असाल तर हा लेख फक्त खेळ समजून घेण्यासाठी वाचा. ऑगस्ट २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन प्रकार बंद केले आहेत आणि महाराष्ट्रात १८८७चा जुगारबंदी कायदा आजही लागू आहे. परदेशी ॲप, टेलिग्रामवरचे 'एजंट' यांच्या नादी लागू नका. तिथं जिंकलेले पैसे हातात येतीलच याची हमी कुणी देत नाही.

अमेरिकेत मे २०१८ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रत्येक राज्यानं आपापलं ठरवलं. बहुतेक ठिकाणी वय २१ पूर्ण लागतं. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये परवानाधारक स्पोर्ट्सबुक (पैजा घेणाऱ्या कंपन्या) नाहीतच. एडिसन, जर्सी सिटीकडच्या आपल्या मंडळींसाठी एक खास गंमत आहे. न्यू जर्सीत राज्यातल्या कॉलेज संघांवर आणि राज्यात होणाऱ्या कॉलेज सामन्यांवर पैज घेता येत नाही, म्हणजे तिथल्या रटगर्स विद्यापीठाच्या संघावर नाही. नदीपलीकडे न्यूयॉर्कचा नियमही तसाच, म्हणून यांकी स्टेडियमवरचा पिनस्ट्राइप बाउल तिथल्या यादीत दिसत नाही. २०२३ मध्ये रटगर्सनं त्याच बाउलमध्ये मायामीला ३१-२४ हरवलं, तेव्हा नदीच्या दोन्ही काठांवरच्या लोकांना या सामन्यावर कायदेशीर पैज लावायची सोयच नव्हती. ॲपवर सामना सापडत नसेल तर आधी हे कारण तपासा.

खेळाडूंच्या वैयक्तिक आकड्यांवरच्या पैजा, म्हणजे अमुक किती यार्ड धावेल वगैरे, ओहायो, मेरीलँड, लुइझियाना, व्हर्माँट अशा काही राज्यांनी २०२४ मध्ये कॉलेजपुरत्या बंद केल्या. त्या इथं सोडूनच देऊ.

कोणता सामना या प्रकारात मोडतो

कॉलेजचा नियमित हंगाम नोव्हेंबरअखेर संपतो. निदान सहा सामने जिंकलेल्या संघांना बाउलचं निमंत्रण मिळू शकतं आणि डिसेंबरच्या मध्यापासून असे चाळीसच्या आसपास सामने रंगतात. काहींची नावं ऐकून हसू येईल. पॉप-टार्ट्स बाउलमध्ये जिंकलेला संघ सामन्याचं शुभचिन्ह, म्हणजे मोठी पॉप-टार्ट पेस्ट्री, चक्क खातो आणि ड्यूक्स मेयो बाउलमध्ये विजेत्या प्रशिक्षकाच्या डोक्यावर मेयोनीजची बादली ओततात. पैसे मात्र खरेच लागतात.

२०२४च्या हंगामापासून राष्ट्रीय विजेतेपदाची प्लेऑफ बारा संघांची झाली आणि रोझ, शुगर, ऑरेंज, कॉटन, फिएस्टा, पीच हे सहा मोठे बाउल तिच्या उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेऱ्या झाले. विजेतेपद समोर असताना धडधाकट खेळाडू सहसा घरी बसत नाही. म्हणजे वर सांगितलेल्या ऑरेंज बाउलसारखा प्रकार आता त्या सहांत होण्याची शक्यता फार कमी. गळतीचा प्रश्न उरलेल्या तीसेक सामन्यांचा आहे. नवख्यानं सर्वांत आधी ही विभागणी करावी. प्लेऑफच्या सामन्याला 'बाउल आहे, खेळाडू येणार नाहीत' हा हिशेब लावू नये.

खेळाडू येत का नाहीत

एक कारण एनएफएल. १ जानेवारी २०१६च्या फिएस्टा बाउलमध्ये नोटर डेमच्या जेलन स्मिथचा गुडघा गेला. ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल संघांनी नवे खेळाडू पाळीपाळीनं निवडायच्या प्रक्रियेत, पहिल्या फेरीत सहज निवडला जाईल असा खेळाडू दुसऱ्या फेरीत घसरला. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर ऑरेंज बाउलमध्ये मिशिगनच्या जेक बटचाही गुडघा गेला आणि तो थेट पाचव्या फेरीत निवडला गेला. २०१६च्याच डिसेंबरात लिओनार्ड फोर्नेट आणि ख्रिश्चन मॅककॅफ्री यांनी बाउल न खेळण्याचं जाहीर केलं. टीका भरपूर झाली, पण पुढच्या ड्राफ्टमध्ये एक चौथा आणि दुसरा आठवा निवडला गेला. त्यानंतर टीका करणाऱ्यांचा आवाज बसला. २१ वर्षांच्या मुलानं कोट्यवधी डॉलर एका प्रदर्शनी सामन्यासाठी पणाला का लावावेत, याचं पटणारं उत्तर मलाही सापडलेलं नाही.

दुसरं कारण ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी. २०१८ मध्ये ते सुरू झालं आणि २०२१ पासून एकदा कॉलेज बदलल्यावर वर्षभर बाहेर बसायची अट गेली. पोर्टलची मुदत काही वर्षं नेमकी डिसेंबरात, बाउलच्या तोंडावर उघडत होती. २०२६ मध्ये ती २ ते १६ जानेवारी अशी झाली. त्यामुळे थोडा फरक पडला असला तरी 'मी जाणार' असं डिसेंबरमध्येच सांगून सराव थांबवणारे असतातच.

तिसरं, प्रशिक्षक बदलणं. त्यावर पुढे बोलू. चौथं अगदी साधं: हंगामभर दुखणं अंगावर काढलेला खेळाडू शेवटचा महत्त्वाचा सामना संपताच शस्त्रक्रिया उरकून घेतो. याची फारशी बातमी होत नाही आणि इथंच अभ्यास करणाऱ्याला थोडी जागा मिळते.

भाव वाचायला शिका

समजा ॲपवर 'अ' संघापुढे -७.५ आणि 'ब' पुढे +७.५ दिसतंय. याला स्प्रेड म्हणतात. 'अ'वर पैज लावली तर त्यांनी आठ किंवा जास्त गुणांनी जिंकायला हवं. 'ब'वर लावली तर ते जिंकले किंवा सातपर्यंतच्या फरकानं हरले तरी पैसे तुमचे. शेजारी बहुधा -११० असतं, म्हणजे १०० डॉलर कमवायला ११० लावायचे. या दहा डॉलरमुळे तुम्हाला नुसतं बरोबरीत राहायलाही ५२.४ टक्के पैजा जिंकाव्या लागतात. दोनांतली एक जिंकणारा माणूस हळूहळू हरत असतो. ही गोष्ट मनात पक्की बसल्याशिवाय पुढची पायरी चढू नका.

फुटबॉलमध्ये फील्ड गोलचे ३ आणि टचडाउन अधिक किकचे ७, त्यामुळे सामने ३ किंवा ७ गुणांच्या फरकानं सुटण्याचं प्रमाण जास्त. म्हणून -३.५ आणि -२.५ यांत फरक दिसतो एका गुणाचा, पण किंमत बरीच मोठी. -१२ आणि -१३ मधला एक गुण तेवढा मोलाचा नसतो.

मनीलाइनमध्ये फक्त कोण जिंकणार एवढंच. -१५० म्हणजे बुकी त्या संघाची शक्यता साधारण ६० टक्के धरतोय, +१३० म्हणजे ४३.५ टक्के. बेरीज शंभराच्या वर जाते, ती वरची कमाई बुकीची. तिसरा प्रकार टोटल: दोघांचे मिळून गुण एका आकड्याच्या वर की खाली. गळती झालेल्या सामन्यांत नवखे लोक स्प्रेडच्याच मागे लागतात. मला टोटल बऱ्याचदा जास्त वाचनीय वाटते, कारण कोणत्या जागा रिकाम्या आहेत त्यावरून गुण वाढतील की आटतील हे सांगणं कोण जिंकेल हे सांगण्यापेक्षा सोपं असतं.

कागद घ्या आणि यादी करा

खरं काम इथं आहे, म्हणून वेळही इथंच घालवा.

दोन्ही संघांचे सुरुवातीचे २२ खेळाडू लिहा, ११ आक्रमणाचे आणि ११ बचावाचे. कॉलेजच्या संकेतस्थळावर डेप्थ चार्ट, म्हणजे प्रत्येक जागेच्या खेळाडूंची क्रमवार यादी, असतो, पण तो डिसेंबरमध्ये बहुतेक वेळा शिळा असतो. त्यापेक्षा हंगामातल्या शेवटच्या दोन-तीन सामन्यांत कोण किती स्नॅप, म्हणजे चाली, खेळलं ते पाहा. प्रत्येक नावापुढे तीन रकाने करा: खेळणार, नाही, माहीत नाही. चौथ्या रकान्यात त्याच्या जागी येणाऱ्याचं नाव आणि त्या मुलानं हंगामात काय केलं ते.

माहितीसाठी त्या संघाचं रोजचं वार्तांकन करणारे स्थानिक पत्रकार सर्वांत भरवशाचे. सरावाला कोण आलं नाही, कोण बूट घालून नुसतं उभं होतं, हे तेच लिहितात. प्रशिक्षकाची पत्रकार परिषद पुरी ऐका, मथळ्यावर जाऊ नका. 'तो संघासोबत प्रवास करेल' याचा अर्थ तो खेळेल असा होत नाही. कॉलेज संघांच्या मोठ्या गटांनी, म्हणजे परिषदांनी (कॉन्फरन्स), हंगामात खेळाडूंच्या उपलब्धतेचे अहवाल सुरू केले आहेत, पण ते मुळात परिषदेअंतर्गत सामन्यांसाठी. बाउलला तसा अहवाल हाती येईलच असं धरून चालू नका. क्रिकेटमध्ये टॉसच्या वेळी अकरा नावं कळतात, इथं शंभरेक जणांच्या संघातून कोण गळलंय हे कधी कधी पहिल्या चेंडूपर्यंत कळत नाही.

यादी झाली की वजन लावा. नावाच्या मोठेपणावर जाऊ नका. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा असं उलटसुलट दोन्हीकडे घडतं.

क्वार्टरबॅकचं वजन सर्वांत जास्त, यात वाद नाही. पण मोजायचा असतो तो पहिल्या आणि दुसऱ्यातला फरक. मॉस हा दोन हंगाम त्याच पद्धतीत मुरलेला मुलगा होता. ग्लेन पहिल्या वर्षाचा, आणि त्याच्यापुढे जॉर्जियाचा बचाव. दुसरा क्वार्टरबॅकही पोर्टलमध्ये गेला असेल तर खरी चिंता. तिसऱ्याची वेळ येते ती अशीही: २०२१च्या पीच बाउलमध्ये पिट्सबर्गचा केनी पिकेट खेळला नाही, राखीव निक पॅटीचं कॉलरबोन पहिल्याच क्वार्टरमध्ये मोडलं आणि डेव्हिस बेव्हिलला उतरवावं लागलं. मिशिगन स्टेटनं ३१-२१ जिंकलं. त्यांचाही केनेथ वॉकर, त्या हंगामातला देशातल्या सर्वोत्तम रनिंग बॅकपैकी (चेंडू घेऊन धावणाऱ्यांपैकी) एक, घरीच होता. रनिंग बॅक गेला की मथळे मोठे होतात, पण त्याची जागा भरणं तुलनेनं सोपं.

त्याउलट ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकचं रक्षण करणारी पुढची फळी. तिथले दोघं गेले तर बातमी दोन ओळींची येते आणि सामना मात्र हातातून जातो. पाच जणांची ती भिंत एकमेकांच्या हालचाली ओळखून चालते. तिसऱ्या फळीचा मुलगा मध्ये घुसवला की क्वार्टरबॅक कितीही चांगला असो, त्याला फेकायला वेळच मिळत नाही. माझ्या मते डिसेंबरमध्ये ताऱ्यांपेक्षा टॅकल, म्हणजे या भिंतीच्या दोन टोकांचे खेळाडू, मोजावेत.

रिसीव्हर (पास झेलणारे) आणि बचावाची मागची फळी एकत्र पाहा. १ जानेवारी २०२२च्या रोझ बाउलमध्ये ओहायो स्टेटचे गॅरेट विल्सन आणि क्रिस ओलावे दोघंही खेळले नाहीत. दोघंही पुढे ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेले, म्हणजे उणीव खरी होती. पण समोर युटाची मागची फळी दुखापतींनी इतकी विरळ झाली होती की मायका बर्नार्ड या रनिंग बॅकला कॉर्नरबॅक (रिसीव्हरना अडवणारा बचावपटू) म्हणून उभं करावं लागलं. मग जॅक्सन स्मिथ-इन्जिग्बानं १५ झेलांत ३४७ यार्ड काढले, सी. जे. स्ट्राउडनं ५७३ यार्ड फेकले आणि सामना ४८-४५ संपला. शेवटाकडे युटाचा क्वार्टरबॅक कॅम रायझिंग जखमी झाला तेव्हा ब्रायसन बार्न्स नावाच्या, शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेल्या मुलानं बरोबरी साधणारा टचडाउन पास फेकला, तो भाग वेगळा. ज्यांनी फक्त 'ओहायोचे दोन रिसीव्हर नाहीत' एवढं वाचून टोटल खाली जाईल म्हटलं, त्यांनी यादी एकाच संघाची केली होती.

उलट बाजू २०२३च्या कॉटन बाउलची. ओहायो स्टेटचा काइल मॅकॉर्ड सिरॅक्यूजला निघून गेला, मार्विन हॅरिसन ज्युनियर उतरला नाही, सुरुवात करणारा डेव्हिन ब्राउन घोट्याच्या दुखापतीनं बाहेर गेला आणि पहिल्या वर्षाच्या लिंकन कीनहोल्झला सामना ओढावा लागला. त्यांचा बचाव मात्र जवळपास शाबूत. तीन क्वार्टर संपले तेव्हा फलक ३-० होता आणि शेवटी मिझुरीनं १४-३ नं जिंकलं. आक्रमण पोकळ आणि बचाव पुरा असेल तर टोटल खाली, मागची फळी पोकळ आणि फेकणारा जागेवर असेल तर वर. कागदावरची यादी बघून हे दोन नमुने ओळखता आले तरी सुरुवातीला पुष्कळ.

खुर्चीत कोण बसलंय

मुख्य प्रशिक्षक दुसरीकडे गेला असेल तर हंगामी माणूस संघ सांभाळतो. पण मुख्य प्रशिक्षकापेक्षा चाली कोण पुकारतो हे विचारा. आक्रमणाचा समन्वयक गेला असेल तर राखीव क्वार्टरबॅकला अनोळखी आवाजाबरोबर खेळावं लागतं. ती दुहेरी अडचण. शिवाय प्रशिक्षक बदलला की त्याच्या खेळाडूंना पोर्टलची वेगळी मुदत मिळते, म्हणून गळती तिथं जास्त.

आर्मी, नेव्ही, एअर फोर्स या लष्करी अकादमींच्या संघांकडे मात्र हा प्रश्न जवळजवळ नसतो. तिथली मुलं लष्करी सेवेच्या वाटेवर असतात, कॉलेज बदलणारे मोजकेच. २७ डिसेंबर २०२४ला आर्म्ड फोर्सेस बाउलमध्ये ओक्लाहोमाचा क्वार्टरबॅक जॅक्सन अर्नोल्ड आणि आणखी बरेच जण निघून गेले होते. नेव्ही ०-१४ मागे पडूनही अखंड संघानिशी परतलं आणि शेवटच्या सहा सेकंदांत ओक्लाहोमाचा (टचडाउननंतर किकऐवजी केलेला) दोन गुणांचा प्रयत्न अडवून २१-२० नं जिंकलं. त्यांची धावण्यावर उभी असलेली पद्धत अडवायला सरावही वेगळा लागतो आणि अर्धा बचाव नवा असेल तर तो पुरत नाही.

'मन लागलेलं नाही' हे कारण जपून वापरा

टीव्हीवरचे पंडित डिसेंबरभर हेच सांगतात: या संघाला बाउल खेळायचाच नाही. कधी खरंही असतं. पण ते मोजता येत नाही आणि बरेचदा निकाल लागल्यावर चिकटवलेलं असतं. २०२४च्या अलामो बाउलमध्ये कोलोरॅडोचे ट्रॅव्हिस हंटर आणि शेदूर सँडर्स, दोघं तारे, मुद्दाम खेळले. मन लागण्याचा याहून चांगला पुरावा कोणता? बीवाययूनं (ब्रिगम यंग विद्यापीठ) त्यांना ३६-१४ हरवलं. सरावाला किती जण हजर, कोण प्रवासाला आलं, हे मोजता येतं. 'इच्छा' कागदावर लिहू नका.

बातमी आकड्यात आधीच बसलेली असते

बाउलच्या जोड्या डिसेंबरच्या सुरुवातीच्या एका रविवारी जाहीर होतात आणि काही तासांत भाव लागतात. तेव्हा बुकी मोठ्या पैजा घेत नाही, कारण त्यालाही यादी पुरी ठाऊक नसते. पुढच्या दिवसांत एकेक नाव गळतं आणि रेषा, म्हणजे भावाचा आकडा, सरकते.

एक कल्पित हिशेब करून पाहू. 'अ' -७.५ वर उघडला. तुमच्या यादीत क्वार्टरबॅक नाही, त्याचे ५ गुण धरले. डावा टॅकल नाही, १ गुण. 'ब'चा एक बरा कॉर्नर नाही, अर्धा गुण परत. तुमचा आकडा आला साधारण -२. हे वजन माझ्या अंदाजाचं आहे, तुम्ही तुमचं ठरवा, पण क्वार्टरबॅक सोडून एखाद्याच खेळाडूला दोन-तीन गुण देत असाल तर थांबा आणि पुन्हा बघा. आता ॲप उघडा. तिथं अजून -६.५ असेल तर 'ब' घेण्यात अर्थ आहे. -३.५ असेल तर थोडासा, कारण ३ चा आकडा तुमच्या बाजूला येतो. -१.५ असेल तर बाजारानं तुमच्याइतकंच, किंवा तुमच्याआधी, वाचलंय. तिथं 'पण त्यांचा क्वार्टरबॅक नाही ना!' म्हणून पैसे लावणं म्हणजे वरातीमागून घोडं. आणि रेषा उलटून 'अ'च +३ झाला असेल तर लोकांनी घाबरून जास्त ढकललंय का, याचा विचार करा. कधी कधी खरी संधी गळती झालेल्या संघाच्याच बाजूला तयार होते, आणि यूएससी-लुइव्हिल तिचा चांगला नमुना.

एकापेक्षा जास्त स्पोर्ट्सबुकवर भाव बघण्याची सवय लावा. एकीकडे +३ आणि दुसरीकडे +३.५ असणं डिसेंबरमध्ये रोजचंच, आणि तो अर्धा गुण फुकट मिळतो.

सामनाच झाला नाही तर

होतं असं. २०२१ मध्ये कोविडमुळे हवाई बाउल आदल्या दिवशी रद्द झाला, हॉलिडे बाउल तर सुरू व्हायच्या काही तास आधी. २०२४ मध्ये मार्शलनं परिषदेचं विजेतेपद जिंकलं, प्रशिक्षक चार्ल्स हफ सदर्न मिसला गेले, मागोमाग खेळाडूंची रांग पोर्टलमध्ये लागली आणि संघानं इंडिपेंडन्स बाउलमधून माघार घेतली. त्यांच्याऐवजी ५-७ असलेलं लुइझियाना टेक आलं आणि आर्मीनं २७-६ जिंकलं. डिसेंबर २०२५ मध्ये प्लेऑफमधून डावललं गेल्यावर नोटर डेमनं बाउल खेळायलाच नकार दिला.

प्रतिस्पर्धी बदलला किंवा सामना रद्द झाला की साध्या पैजेचे पैसे बहुधा परत येतात. पार्लेमध्ये, म्हणजे अनेक सामने एकत्र बांधलेल्या पैजेत, तो एक सामना गळून उरलेल्यांवर भाव नव्यानं लागतो. नियम प्रत्येक बुकीचे वेगळे, ते त्यांच्या ॲपवर 'हाउस रूल्स'खाली असतात. पैज लावण्याआधी तेवढं एक पान वाचा. गळतीच्या सामन्यांचे पार्ले करूच नका, हे माझं स्पष्ट मत. एका सामन्यातली अनिश्चितता झेपत नाही, तिथं चार एकत्र बांधून काय होणार?

पैसे

बाउल सीझनसाठी एक रक्कम बाजूला काढा, गेली तरी घरखर्चाला धक्का न लावणारी. तिचा एक टक्का म्हणजे एक पैज. ५०० डॉलर असतील तर ५ डॉलर. हसू येत असेल तर येऊ द्या. चाळीस सामन्यांत तुम्हाला पाच-सहा लावण्याजोगे सापडले तरी खूप झाले. हरल्यावर पुढची पैज दुप्पट करणं हा बुडण्याचा सर्वांत जुना मार्ग आहे. हात आवरत नसेल, घरी लपवावं लागत असेल, तर ॲपमध्ये स्वतःवर मर्यादा घालायची किंवा खातं बंद ठेवायची सोय असते, आणि १-८००-४२६-२५३७ या हेल्पलाइनवर गुप्तपणे बोलता येतं.

प्रत्येक पैजेची नोंद ठेवा: तारीख, भाव, रक्कम, निकाल, आणि सामना सुरू होताना रेषा कुठं होती. शेवटचा रकाना विसरू नका. तुम्ही घेतला त्यापेक्षा बंद होतानाचा भाव सतत वाईट दिसत असेल तर तुमचं वाचन बरोबर चाललंय, भले दोन-चार निकाल उलटे लागोत.

नोंद कराच्या कामीही येते. अमेरिकेत जिंकलेली रक्कम उत्पन्नात धरली जाते. हरलेल्या रकमेची वजावट आयटमाइज केलं (खर्च एकेक करून दाखवले) तरच मिळते, जिंकलेल्या रकमेपुरतीच, आणि २०२६ पासून हरलेल्याच्या ९० टक्क्यांपर्यंतच. नॉन-रेसिडेंट म्हणून रिटर्न भरणाऱ्या विद्यार्थ्यांना तर ही वजावट सहसा मिळतच नाही. म्हणजे वर्षअखेर एकूण हिशेबात शून्यावर असूनही कर भरायची वेळ येऊ शकते.

सामन्याच्या दिवशी

सुरू व्हायच्या तासभर आधी यादी पुन्हा काढा. संघ वॉर्मअपला मैदानात येतात तेव्हा पत्रकार कोण गणवेशात आहे आणि कोण जीन्समध्ये, हे लिहू लागतात. 'माहीत नाही' रकान्यातली नावं आता भरता येतात. यादी पैजेच्या विरुद्ध गेली असेल तर न लावलेली पैज सोडून द्या. लावलेली असेल तर उलट बाजूला लावून सावरायच्या फंदात पडू नका, दोन्हीकडचं कमिशन तुमच्याच खिशातून जातं.

'खेळणार' म्हणजे पूर्ण सामना खेळणार असंही नाही. २८ डिसेंबर २०२४च्या पॉप-टार्ट्स बाउलमध्ये मायामीचा कॅम वॉर्ड, जो पुढे ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला, पहिला हाफ खेळला. तीन टचडाउन पास फेकून त्यानं कॉलेज कारकिर्दीतल्या एकूण टचडाउन पासचा विक्रम केला आणि मायामी ३१-२८ पुढे असताना मध्यंतरानंतर तो परतलाच नाही. आयोवा स्टेटनं शेवटच्या मिनिटात ४२-४१ केलं. एनएफएलला जाणारा खेळाडू उतरतोय आणि त्याच्या नावावर एखादा विक्रम जवळ आलाय असं दिसलं, तर पूर्ण सामन्याऐवजी फक्त पहिल्या हाफचा स्प्रेड मिळतो का ते पाहा. आणि मध्यंतरानंतर लाइव्ह पैज लावायची असेल तर भाव बघण्याआधी बाकाकडे बघा, हेल्मेट कोणाच्या डोक्यावर आहे ते.